दारात वाचून दाखवायची बातमी

परवा टीव्हीवर एका खुनाची बातमी चालू होती. वार्ताहर मुलगी, गेलेल्या मुलाच्या आईच्या तोंडासमोर माईक धरून, आत्ता तुम्हाला कसं वाटतंय, असं विचारत होती. मी टीव्हीशीच भांडायला लागलो तेव्हा सुनेने रिमोट काढून घेतला. "बाबा, ती काही तुमचं ऐकत नाहीये," असं म्हणून तिने मालिका लावली. खरंच आहे ते. पण एके काळी हेच काम मी करत होतो, आणि ते करताना एक माणूस माझा शब्द न् शब्द ऐकत असे. त्या माणसाची, त्या कामाची आणि त्या बंगळूरची मला फार आठवण येते. या अंकाच्या संपादकांनी 'गुन्हेगारीच्या जगातले थरारक अनुभव' मागितले आहेत. थरारक असं फारसं काही निघणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पन्नासच्या दशकाची अखेर. मी बेळगावकडचा. कॉलेजसाठी बंगळूरला मामांकडे आलो आणि तिथल्याच एका इंग्रजी दैनिकात चिकटलो. ते दैनिक कधीच बंद पडलं. बंगळूर तेव्हा दोन गावं शेजारी ठेवावीत तसं होतं. एकीकडे साहेबी थाटाचं कँटोन्मेंट, दुसरीकडे चिकपेट, बळेपेट, कब्बनपेट अशी जुनी बाजारपेठ. पेटेतल्या गल्ल्यांमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी घरं होती. त्यांची कानडी मिसळलेली मराठी ऐकून मला हसू यायचं आणि माझी ऐकून त्यांना. गुन्ह्यांच्या बातम्या माझ्या गळ्यात पडल्या त्या मी फार हुशार होतो म्हणून नव्हे, माझ्याकडे सायकल होती म्हणून. सकाळी पोलीस ठाण्यांची फेरी, मग सरकारी इस्पितळ, दुपारी कोर्ट, संध्याकाळी कचेरीत टाईपरायटर. बातमीदार म्हणजे काय तर सायकलीचं पंक्चर आणि हवालदाराचा चहा, असं मी मामीला सांगायचो.

आमचे संपादक एके काळी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना 'मेष्ट्रु' म्हणत. कानडीत मेष्ट्रु म्हणजे मास्तर. बंद गळ्याचा कोट, जरीकाठी म्हैसुरी फेटा, आणि तपकिरीचे डाग पडलेला रुमाल. खून, मारामारी, आत्महत्या अशी कुठलीही बातमी टाईप करून त्यांच्या टेबलावर नुसती ठेवलेली चालत नसे. त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभं राहून ती मोठ्याने वाचावी लागे. ते डोळे मिटून बसत आणि म्हणत, "आता तू त्या घराच्या दारात उभा आहेस. आत त्या माणसाची आई बसली आहे. वाच." जीभ जिथे अडखळेल तो शब्द काढायचा. जीभ अडखळली नाही, पण वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा म्हणून मुद्दाम घातलाय अशी शंका त्यांना आली, तर तोही काढायचा. माझ्या उमेदीच्या काळातली किती तरी उत्तम इंग्रजी विशेषणं त्या उंबऱ्यावर धारातीर्थी पडली आहेत.

एकदा मी चिडून म्हणालो, "मग सगळंच काढून टाकू या. वृत्तपत्र स्वातंत्र्य म्हणतात ते कशासाठी असतं?"

"कोणी घाबरवलं तरी छापण्यासाठी," मेष्ट्रु डोळे न उघडताच म्हणाले. "रक्त किती सांडलं ते सांगायला कुणाच्या स्वातंत्र्याची गरज नाही. ते कसाईही सांगतो."

या बातम्यांपायी कधी कधी गमतीही होत. कॉटनपेटेतल्या एका पैलवानाला एकाच माणसाने लोळवलं अशी बातमी आम्ही छापली होती. दुसऱ्या दिवशी नाकाला पट्टी बांधलेला तो अवाढव्य गृहस्थ कचेरीत हजर. त्याची तक्रार मार खाल्ल्याची नव्हतीच. मारणारे बरेच जण होते आणि आम्ही एकच लिहिला, ही होती. मेष्ट्रूंनी मला परत पोलिसांकडे पिटाळलं. पैलवानाचं म्हणणं खरं निघालं, आणि आम्ही दुरुस्ती छापली. त्यानंतर तो मला रस्त्यात दिसला की हात जोडायचा आणि मला उगीचच मोठा झाल्यासारखं वाटायचं.

आणखी एक रीत होती. एखाद्या स्त्रीवर हल्ला झाला, तिचा जीव गेला, तर तिचं नाव छापायचं नाही. 'एक तरुणी', 'एक विवाहिता', इतकंच. संध्याकाळी निघणारी काही पत्रं नावासकट, पत्त्यासकट, जमलं तर फोटोसकट सगळं देत. आम्ही देत नव्हतो. या गोष्टीचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता, आणि तो आम्ही लपवतही नव्हतो.

आता ट्रंक कॉलबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या वाचकाला ते कळायचं नाही. परगावी बोलायचं तर आधी एक्स्चेंजला फोन करून कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. मग तिकडून ऑपरेटर मुलगी घंटी देऊन सांगणार, तुमचं गाव लागलंय, बोला. हुबळीचा आमचा वार्ताहर रोज संध्याकाळी फोनवर बातम्या सांगायचा आणि त्या उतरवून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. लाईन अशी खरखरायची की मी अक्षरशः बोंबलत असे. एका संध्याकाळी काहीच कळेना तेव्हा मी वैतागून स्वतःशीच मराठीत म्हणालो, "हा माणूस तोंडात सुपारी ठेवून बोलतो की काय!" आणि लाईनवर कुणीतरी हसलं. मग मराठीत आवाज आला, "सुपारी न्हाई, हुबळीला वारा हाय. स्वल्प थांबा, मी सांगते तो काय म्हनतो ते." आणि तिने मधे राहून त्याचं एकेक वाक्य माझ्यापर्यंत पोचवलं.

ऑपरेटरांना कामापलीकडे बोलायची मनाई असे. नाव तर सांगायचंच नाही. त्यामुळे आमचं बोलणं म्हणजे येता-जाता एखादं वाक्य. "आज हुबळी लवकर लागली." "सरी, बरं, बोला." "घसा बसलाय वाटतं तुमचा, वरडू नका." ठरलेला वेळ संपला की मधे येऊन वेळ संपल्याचं सांगणं हे तिचं कामच होतं, पण माझी बातमी अर्धी असली की ती ते जरा उशिरा सांगायची. इतकंच. या पलीकडे काही नाही. पण मी संध्याकाळ व्हायची वाट बघायला लागलो. सुट्टीच्या दिवशी मला करमेना. आईने बेळगावहून स्थळं कळवली की मी काहीतरी कारण काढायचो. तिचा आवाज आवडत होता असं म्हणायची सोय आहे, पण आता या वयात कशाला आडपडदा? मला ती आवडत होती. मी तिला कधीही पाहिलेलं नव्हतं. एकदा एक्स्चेंजच्या फाटकासमोर, पाळी सुटण्याच्या वेळी, सायकलची साखळी उतरल्याचं नाटक करत मी उभा राहिलो होतो. बऱ्याच मुली हसत-बोलत बाहेर पडल्या. आवाज ओळखू येईना, सगळ्या एकदमच बोलत होत्या. मी साखळी चढवली आणि निघून आलो. पुन्हा कधीतरी बघू, असं मनाशी म्हटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, सकाळच्या फेरीत, पेटेतल्या ठाण्यावरच्या इन्स्पेक्टरने मला बसायला सांगितलं. एरवी तो उभ्या उभ्याच बोलायचा. कब्बनपेटेतल्या एका मुलीचा आदल्या दिवशी, मी सुट्टीवर असताना, भर रस्त्यात खून झाला होता. कामावर निघाली होती. मारणारा जागीच पकडला गेला. चिकपेटेतल्या एका मोठ्या रेशीम व्यापाऱ्याचा मुलगा. बरेच दिवस तिच्या मागे होता आणि ती नाही म्हणत होती.

"काय करायची?" मी विचारलं.

"टेलिफोनमध्ये. ट्रंक लाईनवर. तुमच्यातलीच हो, मराठी. प्रमिला नाव."

ते नाव मी इथे उघड लिहितो आहे. का ते पुढे येईलच. मी इन्स्पेक्टरला पुढचे प्रश्न नेहमीसारखे विचारले असणार, कारण बातमीत सगळं बरोबर आलं होतं. संध्याकाळी कचेरीत फोन वाजला आणि दुसराच आवाज म्हणाला, "हुबळी ऑन द लाईन." मी त्या मुलीला विचारलं, रोजच्या ताई कुठे आहेत? ती रडायला लागली, आणि रडत रडतच तिने हुबळी जोडून दिली. त्या दिवशी हुबळीची लाईन अगदी स्वच्छ होती.

तोवर एका सांजपत्राने त्यांच्या पद्धतीने काम उरकलं होतं. मॅजेस्टिकच्या चौकात पोरं ओरडून विकत होती. त्यांनी काय छापलं ते मी आजही लिहिणार नाही. आमच्याकडे तो व्यापारी स्वतः आला, वकिलाला आणि फळांच्या करंडीला घेऊन. धाय मोकलून रडेल असं वाटलं होतं, पण नाही. अतिशय सभ्य बोलला. त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

"आमचं सोडा हो, आम्ही पुरुष माणसं. पण मुलीच्या अब्रूचा प्रश्न आहे. तुमचं पत्र घरंदाज. तुम्ही यातलं काहीच छापू नये, हेच शोभेल."

मेष्ट्रूंनी तपकीर ओढली. "मुलीच्या अब्रूची तुम्हाला काळजी आहे ना? मग निर्धास्त असा. तिचं नाव छापणार नाही. तुमच्या मुलाचं छापीन, तुमचं छापीन आणि दुकानाचंही छापीन."

करंडी परत गेली. पेटेतल्या जाहिरातीही थोड्या दिवसांत गेल्या, आणि मालकांचे मेष्ट्रूंना चढ्या आवाजात फोन आले. त्यांनी एक ओळ मागे घेतली नाही. त्या माणसाचं पाणी त्या दिवसांत मी पाहिलं. आज कुणी मला वृत्तपत्र स्वातंत्र्यावर व्याख्यान द्यायला लागलं की मला ती परत जाणारी फळांची करंडी दिसते.

मी बातमी टाईप केली आणि उंबऱ्यात उभं राहून वाचली. आरोपीचं नाव, बाप, दुकान, साक्षीदार, सगळं घडाघडा वाचलं. ती आपल्याला फसवत होती असं त्याने पोलिसांना सांगितलं होतं. ते मी घातलंच नव्हतं. 'टेलिफोन खात्यातली एक नोकरदार तरुणी' इथे मात्र माझी जीभ अडली. मेष्ट्रूंनी डोळे उघडले.

"ओळखीची होती?"

काय सांगणार? "ट्रंक कॉल लावून द्यायची," मी म्हणालो.

 जीभ अडखळली म्हणजे शब्द काढायचा, हा त्यांचाच नियम. पण तो काढून त्या जागी घालायचं काय, हे ना त्यांना सुचलं ना मला. बातमी तशीच गेली. नीटनेटकी, धीट आणि सभ्य. इतर पत्रांतल्या लोकांनीही तिचं कौतुक केलं.

नंतर एका दुपारी आमचा शिपाई एका बाईला घेऊन माझ्या टेबलाशी आला. तिला मराठीतच बोलायचं होतं म्हणून माझ्याकडे आणलं. जुनं लुगडं, बोटांना सुया टोचून टोचून पडलेले घट्टे. शिंप्यांसाठी काजं-बटणं करून देत असे, हे मला मागाहून कळलं. तिच्या हातात आमचा अंक होता.

"मी प्रमिलाची आई," ती म्हणाली. "ह्यात माझ्या पोरीचं आलंय म्हनतात. मला इंग्लिश येत न्हाई. वाचून दाखव."

आयुष्यात पहिल्यांदा समोर खरोखरची आई होती. मी अंक हातात घेतला आणि मराठी करत करत वाचायला लागलो. माझा आवाज ऐकून मेष्ट्रु त्यांच्या खोलीतून बाहेर आले आणि उभे राहिले. मी शेवटपर्यंत वाचलं. एकही शब्द असा नव्हता की जो आईसमोर वाचायला लाज वाटावी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग?" ती म्हणाली.

"झालं, अक्का. इतकंच आहे."

"त्याचं नाव हाय. त्याच्या बापाचं हाय. दुकानाचंबी हाय. माझी पोर कुठं हाय ह्यात?"

मी 'एक नोकरदार तरुणी' या शब्दांवर बोट ठेवलं.

"ही कोन?"

 मेष्ट्रु पुढे झाले आणि कानडीत तिला समजावू लागले. अम्मा, तुमच्या मुलीच्या अब्रूसाठी नाव गाळलं. उद्या लोक नाही नाही ते बोलतील. तिनेही कानडीतच उत्तर दिलं. आवाज चढवला नाही. लोक बोलतातच आहेत, ती म्हणाली. तुम्ही नाव छापलं नाही म्हणून कोण गप्प बसलंय? गल्लीत आता कुणी तिचं नाव घेत नाही. 'ती पोर' म्हणतात. माझी जाऊ घरात 'ती' म्हणते. तुमच्या कागदातही ती 'एक' झाली. नाव लपवायला माझ्या पोरीने काय चोरी केली होती? कामाला गेली आणि नाही म्हणाली, एवढंच केलं तिने. अब्रू त्याची गेली, आणि तोंड झाकलंत माझ्या पोरीचं.

 मेष्ट्रु माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. संपादक त्या स्टुलावर बसल्याचं पाहून कंपोझिंगमधली माणसं दारात गोळा झाली.

"काय छापू, अम्मा?" त्यांनी विचारलं. "तुम्ही सांगा. हा लिहून घेईल."

ती सांगायला लागली. प्रमिला हे नाव, आणि बापाचं नाव. बाप कोट शिवायचा, आता तो नाही. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकून ती मॅट्रिक झाली, गल्लीतल्या मुलींत पहिली. धाकट्या भावाच्या शिक्षणाचं तीच बघायची. तिच्या हातची पुरणपोळी फुटायची, तरी दर सणाला करायची. कशी मेली ते घालू नका. ते सगळ्यांनी बघितलंय. ती काय करायची ते घाला. मी खाली मान घालून लिहीत होतो. मधे कुठेतरी मी, "अक्का, जरा सावकाश," असं फोनवरच्या सवयीने मोठ्याने म्हणालो, आणि ती एकदम थांबली.

"तू बेळगावचा का?"

"हो."

"पेपरातला भोंगा तो तूच?" तिच्या तोंडावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. "रोज घरला येऊन तुझी नक्कल करायची रे. 'हॅलो हुबळी! हॅलो हुबळी!' असं वरडायची. शेजारचे विचारायचे काय झालं म्हनून. मी म्हनायची, दमून आलीस, आधी जेव, मग भोंगा वाजव."

मी टाईपरायटरवर डोकं ठेवून रडलो. कचेरीत, सगळ्यांसमोर. ती उठली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. खरं म्हणजे हे मी तिच्यासाठी करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी बातमी आली. पहिल्याच ओळीत नाव. त्या बातमीला मेष्ट्रूंनी लाल पेन्सिल लावली नाही, पुरणपोळीलाही नाही. पुढे खटला चालला, साक्षी टिकल्या आणि त्या मुलाला शिक्षा झाली. त्या सगळ्या बातम्यांत आम्ही तिला प्रमिला म्हटलं. आणि आमच्याकडची रीत बदलली. नाव गाळायचं की ठेवायचं हे आम्ही खोलीत बसून ठरवेनासे झालो. मेष्ट्रु मला त्या त्या घरी पाठवायचे. काही घरांनी नाव नको म्हटलं, हात जोडून. ते आम्ही कधी छापलं नाही. काही दारं तोंडावर आपटली गेली. विचारायला जाणं हे त्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि मला त्या कामाचीही आज आठवण येते, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. मेष्ट्रु जाऊनही आता किती तरी वर्षं झाली. कब्बनपेटेतून मी अलीकडे एकदा गेलो, तर मला एकही गल्ली ओळखू येईना. फोन आता लगेच लागतो, मधे कुणी नसतं.

पण मला सांगायचं आहे ते त्या बातमीच्या दिवसाचं. दुपारी मेष्ट्रूंनी मला अंक देऊन तिच्या घरी धाडलं. ती दारातच काजं करत बसली होती. मी पायरीवर उभा राहून मराठीत सगळं वाचून दाखवलं. तिने सुई थांबवली नाही, पण टाका पडत नव्हता. शेजारच्या दोघी-तिघी आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. वाचून झालं. मी अंकाची घडी घालायला लागलो.

"परत एकदा वाच," ती म्हणाली.

"सगळी?"

"न्हाई. नाव येतं तेवढंच."

मी अंक पुन्हा उघडला. त्याची गरज नव्हती खरं तर. इतकी वर्षं मागे वळून बघतो तेव्हा जाणवतं, की तिच्या लेकीशी मी इतक्या संध्याकाळी बोललो, पण तिला नावाने हाक अशी कधी मारलीच नाही.

"प्रमिला," मी म्हणालो.

"मोठ्यानं," आई म्हणाली. "हुबळीला ऐकू जाईल असं."